दिनविशेष : १४ डिसेंबर

१९७७ : ग. दि. माडगूळकर यांचे पुण्यात निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते. त्याआधी चारच वर्षे, १९७३ मध्ये, यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते.

हा मान ‘गीतरामायणा’च्या कवीचा, असे सहज म्हटले जाते. पण यवतमाळच्या त्या खुर्चीत एक कसलेला पटकथाकारही बसला होता. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘जगाच्या पाठीवर’ यांच्या पटकथा गदिमांच्याच. १९५८ साली बर्लिनला गौरवलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ची पटकथाही त्यांचीच. चित्रपट हिंदी, पण मूळ प्रेरणा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची, म्हणजे गदिमांच्याच आटपाडी मुलखातली.

गाणी आकाशवाणीने जपली, पुस्तकांत आली. पटकथा खेळ संपला की संपते. तिची संहिता वाचायला मिळणे आजही दुर्मीळ. खांडेकर आणि अत्रे या दोन अध्यक्षांनीही चित्रपट लिहिले, तरी पटकथेकडे साहित्य म्हणून बघायला आपण कचरतोच. विज्ञानकथाही अशीच बराच काळ उंबऱ्याबाहेर होती.  विज्ञानकथाकार जयंत नारळीकर अध्यक्ष झाले ते थेट २०२१ च्या नाशिक संमेलनात. केवळ पटकथा लिहिणारा अध्यक्ष अजून व्हायचा आहे.