जामीनदारांना जामीन कोण?

उज्जैनच्या महाकालाची सवारी पावसाळ्यात दर सोमवारी निघते. ती किती आठवडे निघते हे नीट पाहिले, तर अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राजकीय तडजोडीचा माग लागतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिथला श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि राखीच्या दिवशी संपतो. आपला श्रावण मात्र पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. महाकालाची सवारी उत्तरेकडच्या श्रावणात सुरू होते आणि आपला श्रावण सरेपर्यंत निघत राहते. तिथले लोक याला श्रावण-भादोची सवारी म्हणतात. शेवटचा पंधरवडा हा शिंदेशाहीने आणलेल्या मराठी पंचांगाचा. सिंहस्थाचेही तसेच. हरिद्वार आणि प्रयागच्या मेळ्याला कुंभ म्हणतात. नाशिक आणि उज्जैनच्या मेळ्याला मात्र सिंहस्थ. ही प्रथा राणोजी शिंद्यांच्या काळात नाशिकहून उज्जैनला आली, असे मानले जाते. दोन्ही ठिकाणी रीत एकच दिसते. नव्याने आलेल्या सत्तेने तिथले काही मोडले नाही, आपले त्याच्या शेजारी ठेवले. देवळात हे जमले, कारण पंधरा दिवस वाढवले म्हणून कोणाच्या वाट्यातले काही कमी होत नव्हते. राज्यकारभारात वाटे मोजलेले असतात. तिथे हे कुठवर जमले आणि कुठे अडले, हा या लेखाचा विषय आहे.

मराठा संघात शिंदे, होळकर आणि पवार मागाहून आले, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. शाहू महाराजांच्या दरबारात प्रतिनिधी होते, सेनापती दाभाडे होते, आंग्रे होते, नागपूरकर भोसले होते. त्यांच्या मानाने साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले राणोजी आणि जेजुरीजवळच्या होळ गावचे मल्हारराव ही नवी माणसे. ती पहिल्या बाजीराव पेशव्यांनी हाताशी धरून वाढवली. त्यामागे त्यांच्या तलवारीची पारख होती, तसाच जुन्या सरदारांना शह देण्याचा हेतूही होता. एप्रिल 1731 मध्ये डभोईला त्र्यंबकराव दाभाडे पडले, तेव्हा तो हेतू लपून राहिला नाही. माळव्याचे दार त्याआधीच उघडले होते. नोव्हेंबर 1728 मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला मारले. त्यानंतर उज्जैनला वेढा पडला, पण शहर हाती आले नाही. ते आले पुढच्या दोन-चार वर्षांत, हळूहळू, वसुलीच्या वाटेने. 1732 मध्ये माळव्याची वाटणी ठरली. राणोजींनी उज्जैनला बस्तान मांडले, होळकर इंदूरच्या बाजूला रुजले, पवार धार आणि देवासला. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले ते याच बस्तानातून.

या नव्या माणसांना संघाच्या शिस्तीत बसवण्याची पुण्याची रीत कागदाची होती. सरंजाम सनदेने मिळे. सरदाराच्या दफ्तरात दिवाण, फडणीस, मुजुमदार, चिटणीस असे दरकदार असत आणि त्यांतले काही हुजुरातून नेमलेले असत, म्हणजे सरदाराच्या घरचा हिशेब सरकारच्या माणसाच्या हातून लिहिला जाई. मुलूख एकगठ्ठा न देता वसुलाचे हिस्से पाडून दिले जात. एकाच परगण्यात पेशव्यांचा, शिंद्यांचा आणि होळकरांचा अंश असे. उज्जैनजवळच्या देवासात तर एका गावात दोन राज्ये नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. कोणीही फार मोठा होऊ नये आणि प्रत्येकाचे शेजाऱ्याकडे लक्ष राहावे, ही या रचनेची खुबी. नव्या सरदारांनी ती मानली. पत्रांचे मायने पाळले, सनदा नव्या करून घेतल्या, हिशेबावरून भांडले पण हिशेब नाकारला नाही. माझे म्हणणे असे, की नव्या घटकांना आपल्या रीतीत घेण्यात मराठा संघ कमी पडला नाही. त्यांचे वजन वाढल्यावर त्या वजनाला निर्णयात जागा द्यायला मात्र त्याच्याजवळ काही रीत नव्हती. ती उणीव सरदारांनीच एका जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या व्यवहाराने भरून काढली. तो व्यवहार म्हणजे जामीन.

याचा पहिला ठळक पुरावा 1741 चा. बादशहाने माळव्याची नायब सुभेदारी नानासाहेब पेशव्यांना दिली. सुभेदार नावाला शहजादा, कारभार पेशव्यांचा. पण पेशवे शब्द पाळतील याची खात्री काय? तेव्हा राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव यांनी लिहून दिले, की पेशव्यांनी बादशहाशी करार मोडला तर आम्ही त्यांची चाकरी सोडू. हा जामीनकतबा विचित्र आहे. चाकर धन्याला जामीन राहतात, आणि धन्याला ते चालते. दहा वर्षांपूर्वी ज्यांना मुलूख वाटून दिला, त्यांच्या शब्दावर आता दिल्ली पेशव्यांवर विश्वास ठेवते. गावगाड्यातल्या कोणालाही यातला अर्थ कळेल. जो जामीन राहतो तो ऋणको नसतो, पण त्याच्यावाचून व्यवहार पुरा होत नाही. म्हणून ऋणकोच्या घरात त्याच्या शब्दाला किंमत येते. नव्या सरदारांचा संघावरचा प्रभाव बंड करून आला नाही, तो असा भीड पडून आला.

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट फार मोठ्या पटावर घडली. इंग्रजांशी पहिले युद्ध चालू असताना ऑक्टोबर 1781 मध्ये महादजी शिंद्यांनी कर्नल म्यूरशी वेगळा तह केला. इंग्रज फौजेने यमुनेपार जावे, महादजींनी उज्जैनला परतावे आणि पुणे व इंग्रज यांच्यात समेट घडवावा, असे ठरले. 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला आणि त्यात महादजी दोन्ही पक्षांचे जामीन ठरले. आता ते पेशव्यांचे सरदारही होते आणि पेशव्यांच्या तहाची हमीही त्यांच्याच शब्दावर होती. पुण्याचे कारभारी नाना फडणीस यांना यातली मेख कळली नसेल असे म्हणवत नाही. पुण्याची मंजुरी यायला अनेक महिने लागले. 1784 मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद दिले, तेही पेशव्यांच्या नावे, आणि महादजी त्यांचे नायब. कारभार सारा महादजींचा. सत्ता उज्जैन-मथुरेकडे सरकली तरी कागदावर ती पुण्यातूनच वाहत राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की संघ, घटक हे शब्दच मागाहून चिकटवलेले आहेत. ज्याला इंग्रजांनी मराठा कॉन्फेडरसी म्हटले ती प्रत्यक्षात लुटीच्या वाटपापुरती जमलेली मंडळी होती. शब्द त्या काळचा नाही हे खरे. पण वाटपापुरत्या टोळीला दरकदार लागत नाहीत, आणि टोळीतला माणूस म्होरक्याच्या तहाला जामीन राहत नाही. जामीन राहायला समोरच्याने दोघांनाही एका व्यवस्थेतले मानावे लागते. दिल्लीने 1741 मध्ये आणि कलकत्त्याने 1782 मध्ये ते मानले. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. महादजींचा विनय हे सोंग होते. 1792 मध्ये ते पुण्यात आले, भर दरबारात पेशवे सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीची वस्त्रे आणि बिरुदे अर्पण केली, आपण पाटीलच आहोत असे म्हणवून घेतले. पण आत हिंदुस्थानच्या मोहिमांच्या खर्चाची मागणी होती आणि नानांना हटवण्याची इच्छाही. असेल. पण हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य सेनापती फौजेऐवजी वस्त्रे आणि हिशेब घेऊन पुण्याला येतो, याचा अर्थ त्यालाही मान्यता पुण्याच्याच मोहोरेची लागत होती. सोंग वठवावे लागते तेव्हा त्या सोंगाला बाजारात काही भाव असतो. या विनयाला इतका भाव होता, की महादजींना दीड वर्षाहून अधिक काळ पुण्यात राहावे लागले आणि फेब्रुवारी 1794 मध्ये वानवडीत त्यांचा अंत झाला तरी हिशेबाचा वाद पुरता मिटला नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत जड, आणि त्याची खूण उज्जैनच्या अंगावर आहे. या नव्या घराण्यांनीच संघ बुडवला, असे तो म्हणतो. 1793 मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांवर तुटून पडले. जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि शहराकडून जबर खंडणी वसूल केली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर उद्ध्वस्त केले. पुढच्या ऑक्टोबरात हडपसरला पुन्हा सामना झाला, बाजीराव दुसरे वसईला पळाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांच्या तहावर त्यांची सही झाली. घटना नाकारता येत नाहीत. पण कारण पाहा. शिंदे आणि होळकर संघाबाहेर पडू पाहत नव्हते. दोघांनाही पेशवा आपल्या बाजूला हवा होता. भांडण संघातल्या वाट्याचे होते. ते वाटे एकमेकांत गुंतवून ठेवण्याची चतुराई पुण्याची, आणि त्यांवरचा वाद सोडवण्याची जागा मात्र कुठेच नव्हती. बादशहापुढे सरदार पेशव्यांना जामीन राहिले, इंग्रजांपुढे महादजी राहिले. पण शिंद्यांसाठी होळकरांपुढे जामीन कोण? ते काम पेशव्यांचे. 1795 नंतर त्या गादीवर बसलेला माणूस तंट्यातला एक पक्ष झाला होता. आतल्या तंट्याचा हा प्रश्न लेखी नियमांच्या संघांनाही सहज सुटत नाही. युरोपीय संघाने नव्या देशांसाठी प्रवेशाच्या अटी 1993 मध्येच लिहून काढल्या, 2004 मध्ये दहा देश एकदम घेतले. पुढे पोलंड आणि हंगेरीशी वाद झाले तेव्हा ध्यानात आले, की आत येण्याचे नियम जितके पक्के, तितके आत आल्यानंतरच्या भांडणाचे नाहीत. फरक एवढाच, की तिथे वाद न्यायालयात आणि सभागृहात रेंगाळतो. इथे त्याला माळव्याच्या रणाखेरीज दुसरी जागा नव्हती.

दौलतरावांनी 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि उज्जैन त्यांच्या राज्यातले एक तीर्थक्षेत्र होऊन राहिले. वाट्यांचा हा हिशेब पुरा व्हायला आणखी 138 वर्षे लागली. 28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवासच्या दोन्ही पाती आणि इतर संस्थाने मिळून 25 घटकांचा मध्य भारत संघ झाला. 1732 च्या वाटणीतली घराणी पुन्हा एका संघात आली, पण या वेळी करारनामा हाताशी होता. राजप्रमुख शिंदे, उपराजप्रमुख होळकर. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. राजधानीवरून रुसवेफुगवे झालेच, ते थेट 1956 मध्ये मध्य प्रदेशात विलीन होईपर्यंत चालले. पण ते अर्ज, ठराव आणि भाषणांपुरते राहिले, कारण तंटा तोडण्याचा अधिकार कोणाचा हे लिहिलेले होते आणि त्या लिहिण्याला भारत सरकार जामीन होते. उज्जैनला त्या वेळी राजधानी मिळाली नाही. पण शिंदे-होळकरांच्या वाटणीत उज्जैन या खेपेला नागवलेही गेले नाही.