काळी, पांढरी आणि पूररेषा

जुन्या मराठी दप्तरांत गावच्या जमिनीचा उल्लेख ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असा येतो. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी केवळ महसुली नव्हती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर तिच्यावरची भिंत तडकते. नदीकाठची काळी सखलही असते. म्हणून शेती खाली आणि घर उंचवट्यावर, हा आपल्या पूर्वजांचा नगररचनेचा पहिला पाठ होता.

कोल्हापूरचेच उदाहरण घ्यावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन नगराचे अवशेष सापडले. पाणी हाताशी, पण पूर पायाशी, अशी ती जागा होती. पुढे शहर वाढले आणि जयंती नाल्याच्या काठावरील सखल जमिनीही घरांखाली गेल्या. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी मागे फुगते. त्या दोन्ही वर्षी वेदगंगेच्या पाण्याने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, हे आम्हा कोगनोळी-निपाणीकरांना सांगायला नको.

तरीही माणूस काठ सहजी सोडत नाही. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील ग्रामस्थांना सोनतळीला पर्यायी जागा मिळाली. पण शेत आणि गोठा नदीकाठी राहिल्याने अनेकांचा संसारही तेथेच राहिला. त्यांना केवळ हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना पोसणारी काळी नदीनेच घडवली आहे. शहरात मात्र पूरक्षेत्रात बांधकाम होते ते पोटासाठी नव्हे, तर जागेच्या भावासाठी.

सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आज शासन आखते. काळी-पांढरीच्या सीमेचेच हे नवे रूप होय. फरक एवढाच की, जुनी सीमा गावाच्या स्मरणात होती, नवी नकाशात आहे. नकाशा बदलून घेता येतो. नदीचा उतार मात्र कोणाच्याही अर्जावर बदलत नाही.