घरच्या सुतारकामासाठी हत्यारे घेताना

सुतारकामाची हौस असलेल्यांची संख्या शहरांतही कमी नाही. सदनिकेच्या गॅलरीत, वाहनतळाच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या खोलीत सुटीच्या दिवशी करवत चालवणारी मंडळी प्रत्येक गृहसंकुलात एखाददुसरी तरी सापडतात. या हौसेची सुरुवात मात्र बहुधा लाकडापासून होत नाही. ती होते दुकानातील काचेच्या कपाटापासून किंवा संगणकाच्या पडद्यावरील सवलतीपासून. शंभर-सव्वाशे नगांची चकचकीत पेटी घरी येते, त्यातील दहा-बारा नग वापरात राहतात आणि उरलेले पहिल्याच पावसाळ्यात गंजतात.

पूर्वी गावगाड्यातील सुतार करवत, वाकस, दोन-चार पटाशा, रंधा, सामता आणि गुण्या एवढ्या सामग्रीवर बैलगाडीपासून दाराच्या चौकटीपर्यंत सारे काही घडवत असे. त्याच्याकडे हत्यारे मोजकीच होती, पण प्रत्येकाला धार होती आणि प्रत्येकाचे काम ठरलेले होते. नव्या हौशी सुतारालाही हाच नियम उपयोगी पडतो. कोणते हत्यार घ्यावे यापेक्षा ते कोणत्या क्रमाने घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हा क्रम चुकला तर पैसा वाया जातोच, शिवाय बोटांवरही बेतू शकते.

आधी वस्तू, मग हत्यार

खरेदीपूर्वी पुढील सहा महिन्यांत करावयाच्या दोन-तीन वस्तू कागदावर मांडाव्यात. पुस्तकांचे कपाट, पाट, चौरंग, झाडांच्या कुंड्यांसाठी मांडणी अशी ती यादी असेल. प्रत्येक वस्तूसाठी कापणे, सपाट करणे, भोक पाडणे, जोडणे आणि घासणे यांपैकी कोणत्या क्रिया लागतील हे लिहिले की हत्यारांची यादी आपोआप तयार होते. प्लायवूडचे कपाट करणाऱ्याला सरळ व लांब काप घेण्याची सोय हवी, तर सागवानाचा चौरंग करणाऱ्याला पटाशी आणि रंधा यांवाचून गत्यंतर नाही. दोघांनी एकच पेटी विकत घेणे शहाणपणाचे नाही.

मोजमापात कंजुषी नको

पहिला खर्च मोजण्याच्या व आखण्याच्या साधनांवर करावा. पोलादी पट्टी, मोजपट्टी, गुण्या, आखणीसाठी मार्किंग गेज आणि धारदार चाकू एवढे पुरे. गुण्या दुकानातच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून बारीक रेघ मारावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. त्या फाकल्या तर दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते.

आपल्याकडे कारागीर अजूनही इंच आणि सूत यांत बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणजेच सुमारे ३.२ मिलिमीटर. प्लायवूडचा तक्ता बाजारात ‘पाऊण इंची’ म्हणून मागितला जातो, तेव्हा हिशेबाने तो १९ मिलिमीटर भरायला हवा. हाती मात्र अनेकदा १८ मिलिमीटरचा तक्ता येतो. कपाटाच्या बाजूत फळीसाठी खाच पाडताना या एका मिलिमीटरने सांधा डुगडुगतो. करवतीचे पातेही दर कापामागे दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते. आठ फुटी तक्त्यातून दोन फुटांचे चार तुकडे काढायचे म्हटले तरी तीन कापांत सहा ते नऊ मिलिमीटर भुश्यात जातात. यासाठी एकच मापनपद्धत ठरवून शेवटपर्यंत तीच पाळणे हिताचे.

धारेचा दगड हे पहिले हत्यार

दुसरा खर्च धारेवर करावा. नवी पटाशी वा रंध्याचे पाते बहुधा वापरायोग्य धारेचे नसते. बोथट हत्यारावर जोर लावावा लागतो. जोर लावलेले हत्यार सटकते आणि सटकलेले हत्यार हातात शिरते. म्हणून बोथट पटाशी ही धारदार पटाशीपेक्षा अधिक घातक समजावी. सुमारे १००० आणि ६००० क्रमांकाचे दोन दगड घरगुती कामाला पुरतात. तेवढा खर्च नको असेल तर जाड, सपाट काचेवर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर चढत्या क्रमांकाने चिकटवूनही उत्तम धार मिळते. पटाशीला साधारण २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक कड देण्याची पद्धत आहे. उताराची मागची, सपाट बाजू आरशासारखी झाल्याखेरीज धार टिकत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

हातहत्यारांचा पहिला संच

पटाशांचा मोठा संच घेण्याऐवजी पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच रुंदीच्या चार पटाशा घ्याव्यात. सोबत लाकडी मोगरी हवी. लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ लवकर फुटते. करवतींपैकी एक प्लायवूड व फळ्यांसाठी, दुसरी बारीक दात्यांची सांध्यांसाठी असावी. हल्ली ओढताना कापणाऱ्या जपानी करवतीही मिळतात. त्यांचे पाते पातळ असल्याने काप बारीक येतो. मात्र ज्या करवतींचे दाते विशेष प्रक्रियेने कठीण केलेले असतात, त्यांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. पाते बदलावे लागते.

रंध्याच्या बाबतीत दोन पर्याय आहेत. लाकडी रंधा हलका व स्वस्त असतो, पण त्याचे पाते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवण्याचा सराव लागतो. लोखंडी रंध्यात पाते स्क्रूने वरखाली होते. या रचनेचे जनक अमेरिकेचे लेनर्ड बेली. त्यांचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तेव्हाची क्रमांकपद्धती अजूनही प्रचारात आहे. चार क्रमांकाचा रंधा गुळगुळीत करण्यासाठी, तर सुमारे १४ इंच लांबीचा पाच क्रमांकाचा रंधा सर्वसाधारण कामासाठी असतो. एकच घ्यायचा तर पाच क्रमांकाचा घ्यावा. घेताना त्याच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेड आरपार दिसतो का, हे पाहावे.

लाकूड घट्ट धरणे

हौशी खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते लाकूड धरून ठेवणाऱ्या साधनांकडे. पायाखाली फळी दाबून करवत चालवणे कारागिराला साधते, नवशिक्याला नाही. इंग्लंडमध्ये रॉन हिकमन या अभियंत्याने खुर्चीवर लाकूड ठेवून कापताना खुर्चीच कापली आणि त्यातून १९६० च्या दशकात घडीच्या बाकाची कल्पना साकारली. ब्लॅक अँड डेकर कंपनीने आधी नाकारलेले हे बाक पुढे ‘वर्कमेट’ नावाने जगभर गेले. सदनिकेत असे घडीचे बाक सोयीचे. जागा असेल तर जड, न हलणारे बाक आणि त्यावर शेगडा बसवावा. डिंक लावलेले सांधे दाबून ठेवायला चार ते सहा शिकंजे लागतातच. हे साहित्य यंत्रांच्या आधी यायला हवे.

विजेवरची यंत्रे कोणत्या क्रमाने

पहिले यंत्र ड्रिल. भिंतीसाठी घेतलेले १३ मिलिमीटरचे हॅमर ड्रिल घरात असते, पण लाकडात स्क्रू बसवायला कमी वेग आणि क्लच असलेले बॅटरीवरचे ड्रिल योग्य. ठरावीक जोर येताच क्लच सुटतो आणि स्क्रूचे डोके लाकडात रुतत नाही. दुसरे यंत्र प्लायवूडसाठी सात इंची चकती करवत. तिला सरळ पट्टीचा आधार दिला की तक्ता नेमका कापता येतो. वळणदार कापासाठी जिगसॉ घ्यावी, मात्र तिच्याकडून सरळ लांब कापाची अपेक्षा ठेवू नये. त्यानंतर पाच इंची सँडर, मग ट्रिमर किंवा राउटर. राउटरची पाती घेताना एक सूक्ष्म फरक पाहावा. पाव इंची पकड ६.३५ मिलिमीटरची असते. तिच्यात ६ मिलिमीटर दांड्याचे पाते बसल्यासारखे वाटते, पण वेगात ते सुटून उडू शकते.

टेबल सॉ ही खरेदी सर्वांत शेवटी, तीही जागा आणि सराव असल्यासच करावी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने तेथे या यंत्राच्या पात्याने होणाऱ्या जखमांचा अंदाज वर्षाला सुमारे ३० हजार असा दिला आहे. बोट लागताच सुमारे पाच सहस्रांश सेकंदात पाते थांबवणारी ‘सॉस्टॉप’ यंत्रणा २००४ मध्ये तेथील बाजारात आली ती याच कारणाने. साध्या यंत्रात ही सोय नसते. निदान पात्यामागची फाळ आणि वरचे झाकण तरी काढू नये.

ग्राइंडरची करवत करू नये

आपल्याकडे सर्रास दिसणारी एक पद्धत घरात मुळीच आणू नये. चार इंची ग्राइंडरला किंवा संगमरवर कापण्याच्या कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून प्लायवूड कापले जाते. स्वस्त आणि हलके म्हणून हौशी मंडळीही त्याचे अनुकरण करतात. ही यंत्रे मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात, तर सात इंची चकती करवतीचा वेग साधारण पाच-सहा हजार असतो. चकती करवतीचे खालचे झाकण काप संपताच आपोआप मिटते. कटरला असे झाकण नाही. ग्राइंडरला तर लाकडावर टेकवायला तळपट्टीही नसते. पाते लाकडात अडकले की यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. दोन यंत्रांच्या किमतीतील फरक हा बोटांच्या किमतीपुढे नगण्य आहे.

व्होल्ट आणि ॲम्पिअर

घरातील सहा ॲम्पिअरच्या खटक्यावर २३० व्होल्टच्या हिशेबाने १३८० वॅटपर्यंतचाच भार बसतो. त्यामुळे चकती करवतीसारखे यंत्र १६ ॲम्पिअरच्या जोडणीवर चालवावे. लांबवलेली वायर निदान दीड चौरस मिलिमीटर जाडीची असावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन नसते.

बॅटरीच्या यंत्रांत जाहिरातीतील आकड्यांनी भुलू नये. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत बहुधा फरक नसतो. दोन्हींत ३.६ व्होल्टचे पाच घट असतात. पूर्ण भरल्यावर ते सुमारे २० व्होल्ट दाखवतात, एवढेच. खरी साठवण कळते ती व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची बॅटरी ३६ वॅट-तास देते, तर ४ अँपिअर-तासांची ७२. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. म्हणून पहिले ड्रिल घेतानाच पुढची यंत्रे कोणत्या कंपनीची घ्यायची, हे ठरवलेले बरे.

भुसा, आवाज आणि शेजारी

यंत्रांबरोबर सुरक्षेचे साहित्य त्याच बिलात यावे. डोळ्यांसाठी चष्मा, कानांसाठी रोधक आणि एन-९५ दर्जाचा मास्क हे अनिवार्य मानावे. लाकडाची धूळ मानवात कर्करोगास कारण ठरते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवला. प्लायवूड व एमडीएफच्या डिंकात अनेकदा फॉर्माल्डिहाइड असते, तेही २००४ मध्ये याच गटात गेले. फिरणाऱ्या पात्याजवळ हातमोजे, अंगठी, मनगटातील दोरा, ओढणी वा पदर असू नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र दहा ते सकाळी सहा अशी धरली आहे. चकती करवतीचा आवाज याहून कितीतरी अधिक असतो. गृहनिर्माण संस्थेला आणि शेजाऱ्यांना विचारून कामाची वेळ ठरवावी. तक्त्याचे मोठे काप दुकानातूनच करून आणले तर निम्मा आवाज आणि भुसा घराबाहेर राहतो.

बाजारात आणि बाजारानंतर

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी येथे हातहत्यारे हाताळून घेता येतात. पटाशीची मूठ, रंध्याचा तळ आणि करवतीचा सरळपणा हे चित्रावरून कळत नाहीत. पातेबदल, कार्बन ब्रश आणि दुरुस्ती केंद्र शहरात आहे का, हे आधी विचारावे. पक्क्या बिलाशिवाय हमी मिळत नाही. जुन्या बाजारातील गंजलेली पटाशी वा रंधा, पोलाद चांगले असेल तर, घासून नव्याइतका उपयोगी होतो. जुने विजेचे यंत्र मात्र टाळावे.

कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमट हवेत पोलाद एका आठवड्यातही तांबूस पडते. काम संपताच भुसा झटकून यंत्रतेलाचा हात फिरवावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारे धुऊन-पुसून पुजली जातात. पावसाळा ओसरताना येणारा हा दिवस प्रत्येक धार, मूठ आणि वायर तपासण्यासही योग्य. त्या दिवशी पेटीत जे हत्यार वर्षभर न वापरलेले आढळेल, त्याच्यासारखे दुसरे पुढच्या वर्षीच्या यादीत असू नये.