झोपाळू न्यायाधीश आणि तिरळा संपादक

न्यायालयाची टिंगल करायला आज आपण दहादा विचार करतो. लंडनच्या विल्यम होगार्थने ती १७५८ साली केली, तीही हयात न्यायाधीशांची.

चित्राचं नाव 'द बेंच'. कॉमन प्लीज कोर्टाचे चार न्यायाधीश, मधोमध मुख्य न्यायाधीश सर जॉन विल्स. भलेमोठे केसांचे टोप, भारदस्त झगे, आणि चक्क डुलक्या! गंमत बघा, चित्रात ना वकील, ना साक्षीदार, ना आरोपी. ज्याच्यासाठी कोर्ट भरतं तो माणूसच गायब. होगार्थला काय म्हणायचं होतं ते मला तरी एवढ्यावरूनच कळतं.

आता पाच वर्षं पुढे या. १७६३. कोर्ट तेच. 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राचा कर्ताधर्ता आणि खासदार जॉन विल्क्स याने ४५व्या अंकात राजाच्या भाषणावर, म्हणजे खरं तर सरकारवर, टीका केली. सरकारने वॉरंट काढलं, पण त्यात कुणाचं नावच नाही! लेखक, मुद्रक, प्रकाशक, जो सापडेल त्याला धरा. ४९ जणांना उचललं. त्यात बिचारे छापखान्यातले कामगारही होते.

विल्क्सला कोर्टात आणलं, तेव्हा होगार्थ तिथे हजर होता. त्याने काय टिपलं? संपादकाचा तिरळा डोळा, कुत्सित हसू आणि टोपाला शिंगांचा आकार. सूडही होताच; आदल्या वर्षी १७व्या अंकात विल्क्सने त्याला झोडपलं होतं. शिवाय १७५७पासून होगार्थ राजाचा पगारी चित्रकार. चित्रातल्या टेबलावर १७ आणि ४५ हे दोन्ही अंक त्याने मुद्दाम काढलेत.

आणि कोर्टाने काय केलं? नवे मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी खासदारकीच्या विशेषाधिकारावर विल्क्सला सोडलं. डिसेंबरात त्याच कोर्टात ज्यूरीने त्याला १००० पौंड भरपाई दिली. 'द बेंच'मधल्या चौघांपैकी दोघे तेव्हाही तिथे न्यायाधीश होते!

म्हणजे कोर्ट जागं झालं त्या दिवशी होगार्थ समोरच बसला होता, पण बघत होता संपादकाचा डोळा.

विल्क्स काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण लोकांनी निवड केली. होगार्थचं चित्र धडाधड खपलं, आणि विल्क्सच्या चाहत्यांनी तेच डोक्यावर घेतलं. पुढे ते चिनी मातीच्या भांड्यांवरही रंगवलं गेलं.

आम्हा पत्रकारांनाही हे लागू आहे. हात तोच, रेषा तीच. खुर्चीवरच्याला चिमटा काढला तेव्हा ते धाडस होतं. पिंजऱ्यातल्याची चेष्टा केली तेव्हा ती नुसती चाकरी झाली. रोजची बातमी लिहिताना मी हे स्वतःलाच विचारतो: आपण आज नेमकं कुणाला हसतोय?

तुम्हीही एखादं मीम पुढे ढकलण्याआधी विचारून बघा.