काशीबाई कानिटकरांचे राज्य

ग्वाल्हेरच्या पडावाजवळ, जेथे आमची नित्याची ये-जा, तेथे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. 1858 साली त्या ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. तीनच वर्षांनी, 1861 साली, सांगलीकडील अष्टे गावी काशीबाई कानिटकर जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्या निरक्षर होत्या. पुढे न्यायाधीश झालेल्या पतींच्या, गोविंदरावांच्या, आग्रहाने घरच्यांचा रोष पत्करून त्या वाचावयास शिकल्या आणि ‘रंगराव’ कादंबरी व डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिण्यापर्यंत पोहोचल्या. 1928 च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर त्यांनी स्त्रियांच्या कारभाराचे संस्थानच कल्पिले. राणींचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले. काशीबाईंच्या राज्यास कोणाची मंजुरीच लागली नाही. समाधीवर फूल वाहताना आम्हां वकिलांस हा भेद विशेष जाणवतो.