गोन्सालो : आडनांवांत राहिलेलें एक नांव

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग होय. मंदिराची वास्तु कोणीं उभारिली, घंटा केव्हां आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें सर्व अशा समयीं लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाच्या कपाटांत आणखी एक इतिहास ठेविलेला असतो. तो म्हणजे बाप्तिस्म्याची वही. तींत राजांच्या लढाया नाहींत. केवळ नांवें आहेत. त्यांपैकीं एका नांवाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें नांव आमच्या घरोघरीं आहे, आणि तरीहि तें कोणाचेंच नाहीं.

वाचकांस हें कोडें वाटेल. पण तें सहज सुटण्याजोगें आहे. गोन्साल्विस हें आडनांव वसईपासून मुंबई व गोव्यापर्यंत कोणास ठाऊक नाहीं? फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र, लोपिस म्हणजे लोपोचा पुत्र. त्याच रीतीनें गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा पुत्र. म्हणजे पुत्र गल्लोगल्लीं आहेत. परंतु ज्याच्या नांवावरून ते ओळखले जातात तो गोन्सालो मात्र बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं क्वचितच ऐकूं येतो.

ह्या नांवाचें मूळ पोर्तुगीज नव्हे, व लॅटिनहि नव्हे. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत गॉथ नांवाचे लढवय्ये लोक उत्तरेकडून स्पेन देशांत उतरले व सन ७११ पर्यंत त्यांनीं तेथें राज्य केलें. त्यांचें राज्य लयास गेलें, त्यांची भाषाहि लुप्त झाली. पण त्यांचीं नांवें तेवढीं मागें राहिलीं. जुन्या लॅटिन दस्तऐवजांत आमचें नांव 'गुन्दिसाल्वुस' असें लिहिलेलें आढळतें. त्यांतील 'गुन्द' ह्या पूर्वपदाचा अर्थ युद्ध असा आहे. उत्तरपदाविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. तथापि लिहिणाऱ्यांच्या कानीं त्यांत लॅटिन 'साल्वुस', म्हणजे तारलेला, सुरक्षित, ह्या शब्दाचा ध्वनि पडत असावा असें अक्षरांवरून वाटतें. एकूण हें नांव क्षत्रियाचें, ढालतलवारीचें.

पुढें स्पेन व पोर्तुगाल येथील ख्रिस्ती घराण्यांत हें नांव फार मानाचें झालें. दहाव्या शतकांत कास्तील प्रांताचा सुप्रसिद्ध काउंट फर्नान गोन्सालेस होऊन गेला. त्याच्या पित्याचें नांव गोन्सालो फर्नांदेस असें होतें. बापाचें नांव मुलाच्या मागें व मुलाचें नांव बापाच्या पुढें, अशी ही सांखळी आजच्या आडनांवांची जननी होय. तेराव्या शतकांत पोर्तुगालच्या आमारान्ते गांवीं गोन्सालो नांवाचे एक सत्पुरुष होऊन गेले. तामेगा नदीवर वाटसरूंसाठीं त्यांनीं पूल बांधिला अशी परंपरा आहे. सन १५६१ मध्यें पोप महाराजांनीं त्यांच्या भक्तीस मान्यता दिली, आणि गलबतांबरोबर त्यांचें नांव सातासमुद्रांपलीकडे गेलें. ब्राझील देशांत रिओ दे जानेरो शहरानजीक साओ गोन्सालो नांवाचें मोठें नगर त्यांच्याच नांवानें वसलें आहे.

हेंच नांव आमच्या किनाऱ्यासहि लागलें. सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली. त्यानंतर सुमारें बावीस वर्षांनीं, सन १५५६ च्या सुमारास, तेथें एक मूल जन्मास आलें. बाप पोर्तुगीज शिपाई. आई ह्याच भूमींतील स्त्री. मुलाचें नांव गोन्सालो ठेविलें. शिपायाच्या पोरास शोभेल असेंच तें नांव होतें, आणि पोरगाहि पुढें तलवारच बांधील असें कोणासहि वाटलें असतें.

परंतु तसें घडलें नाहीं. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या शाळेंत तो शिकला, व पंधरा-सोळा वर्षांचा असतां त्यांच्याबरोबर जपानास गेला. तेथें त्यानें लोकांची भाषा अशी आत्मसात केली कीं, धर्मशिक्षक म्हणून त्याची योग्यता सर्वांस मान्य झाली. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्याची उत्कट इच्छा मात्र सफल झाली नाहीं. तेव्हां त्यानें व्यापार केला व तो नांवारूपासहि आला. पण मन व्यापारांत रमेना. अखेर फिलिपाइन्स बेटांत मनिला येथें त्यानें संत फ्रान्सिसच्या संघाची झूल अंगावर घेतली व तो साधा ब्रदर झाला.

त्या काळीं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्यानें फिलिपाइन्सनें आपणांस शरण यावें अशी मागणी केली होती, व उभय देशांत युद्धाचे ढग जमले होते. सन १५९३ मध्यें मनिलाच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाउतिस्ता ह्यांस वकील म्हणून जपानास पाठविलें, व त्यांचा दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर गेला. वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. ज्याच्या नांवांतच युद्ध, तोच युद्ध टाळण्यासाठीं दोन राष्ट्रांमध्यें शब्द वाहून नेत होता! वसईच्या आईच्या मांडीवर बोलूं लागलेली ती जिव्हा आतां जपानच्या राजसभेंत शांततेची भाषा बोलत होती.

तीन वर्षें त्या फ्रान्सिस्कन बंधूंनीं मियाको व ओसाका येथें दीनदुबळ्यांची व रुग्णांची सेवा केली. सन १५९६ मध्यें एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, व त्यावरून उठलेल्या संशयाच्या वादळांत हिदेयोशीनें ख्रिस्ती धर्मसेवकांना धरण्याचा हुकूम सोडिला. सव्वीस जणांस शिक्षा झाली : सहा फ्रान्सिस्कन, तिघे येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक, ज्यांत कोंवळीं पोरेंहि होतीं. डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढिली, व ऐन हिवाळ्यांत त्यांस शेंकडों मैल चालवीत नागासाकीस नेलें. सन १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस निशिझाका टेकडीवर त्यांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं भोसकिलें. गोन्सालोचा क्रूस प्रथम उभा राहिला असें परंपरा सांगते. सन १६२७ मध्यें त्यांस धन्यवादित ठरविण्यांत आलें, व सन १८६२ च्या जूनच्या ८ तारखेस पोप नववे पायस ह्यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. सन २००८ मध्यें केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत होईपर्यंत, म्हणजे १४६ वर्षें, हिंदभूमींत जन्मलेला संत म्हणून वसईचा गोन्सालो एकटाच होता.

ह्या नांवाचा एक प्रवास आमच्या लोकांस फारसा ठाऊक नाहीं, म्हणून तो येथें नमूद करितों. ब्राझीलमधील रेसीफे नगरांत मिश्र वंशाचे, सांवळ्या वर्णाचे लोक पुष्कळ होते, व वर्णामुळें त्यांस पदोपदीं हीन लेखिलें जाई. बाप पोर्तुगीज पण आई हिंदी असा एक पुरुष वेदीवर पूजिला जातो, हें कळतांच त्यांनीं त्यास आपला मानिलें. सन १७४५ मध्यें त्यांनीं तेथें त्याचा मोठा उत्सव केला. त्या प्रसंगीं जाबोआतांव नांवाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं, हा संत तुमच्याच वर्णाचा होय असें प्रवचनांत प्रतिपादन केलें. तें प्रवचन सन १७५१ मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें. अशा रीतीनें वसईच्या एका अनामिक मातेनें, मृत्यूनंतर दीड शतकानें, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास अपमानितांची मान ताठ केली.

मग असें नांव आमच्याच घरीं दुर्मिळ कां झालें? पोर्तुगालांत अलीकडच्या काळांतहि तें मुलांच्या आवडत्या नांवांपैकीं एक आहे. येथें मात्र सन १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई जिंकिली व पुढें इंग्रजी अंमल आला. आम्हांस वाटतें, शाळेचा व कचेरीचा पाठ इंग्रजी झाला तेव्हां जुआंवचा जॉन झाला, पेद्रूचा पीटर झाला. पण गोन्सालोस रूढ असें इंग्रजी रूपच नव्हतें, म्हणून तो मागें राहिला. पुढें द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर देशी नांवांची आवड वाढली. सन १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानेंहि ख्रिस्ती भावनेस परकें नसलेलें कोणतेंहि नांव चालतें. तेव्हां मराठी नांवें आलीं, तींहि गोडच आहेत. त्यांविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं.

परंतु कोणी म्हणेल, "गोन्सालो हें तर परक्यांचें नांव, राज्यकर्त्यांबरोबर आलें, त्यांच्याबरोबर गेलें." हें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. आमचीं आडनांवें आमच्या पूर्वजांनीं स्वेच्छेनें निवडिलीं असें म्हणण्याचें धाडस कोण करील? पण नांव कोठून आलें ह्यापेक्षां तें कोणीं धारण केलें व कसें, हें मोठें आहे. गॉथांनीं त्यांत युद्ध भरिलें. आमच्या किनाऱ्यावरील एका आईच्या पुत्रानें त्यांतून तें काढून टाकिलें व तेथें सेवा ठेविली. असें नांव परकें कसें म्हणावें? गास येथील मंदिर व वसईचें महाविद्यालय त्याच्याच नांवानें उभें आहे. नागासाकीच्या त्या टेकडीवर सन १९६२ पासून सव्वीस जणांच्या रांगेंत त्याची कांस्यमूर्ति आहे. दगडांत व धातूंत तें नांव आहे. उणें आहे तें हांकेंत.

ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची कोणास आज्ञा नाहीं, केवळ विनंति आहे. ज्या घरीं पाळणा हालणार आहे त्यांनीं, नांवांची यादी करितांना, हें एक नांव मोठ्यानें उच्चारून पाहावें. आणि ज्यांचें आडनांव गोन्साल्विस आहे त्यांनीं सही करितांना क्षणभर आठवावें कीं, आपण त्या अक्षरांत दररोज एका पित्याचें नांव लिहितों. पुत्रांनीं पित्यास एकदां तरी नांवानें हांक मारावी, एवढीच आमची इच्छा आहे.