मुखपृष्ठ काढून बांधलेला इतिहास

मराठी व्यंगचित्रांवर काही करायचं म्हणता ना? मग प्रस्तावातलं 'व्यंगचित्र हा समाजाचा आरसा असतो' हे वाक्य आधी खोडा. आरसा समोर येईल त्याला दाखवतो. व्यंगचित्र कुणीतरी काढतं, संपादक निवडतो, मालक छपाईचा खर्च सोसतो, आणि आपल्या वाचकाला ते क्षणात कळेल असं या सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे चित्रात काय आहे हे विचारण्याआधी ते कुठे छापलं गेलं, हे विचारायला हवं. मराठीच्या बाबतीत या प्रश्नाने बऱ्याच गोष्टी उलगडतात.

नेहमीची कथा अशी सांगतात: लंडनमध्ये 1841 साली 'पंच' निघालं, मुंबईत 1854 मध्ये 'पारसी पंच' आलं, पुढे त्याचंच 'हिंदी पंच' झालं, आणि तिथून आपल्याकडची व्यंगचित्रकला सुरू झाली. मुंबई शहरापुरतं हे ठीक आहे. पण 'हिंदी पंच'च्या चित्रांखालचा मजकूर गुजराती आणि इंग्रजीत असायचा. तिथून मराठीपर्यंत सरळ रेघ ओढायला गेलात तर हाती फार काही लागत नाही.

मराठी व्यंगचित्र वाढलं ते मासिकांत. सुरुवातीचं एक महत्त्वाचं ठिकाण तर चक्क नांगराचा कारखाना आहे. किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं, ते कारखान्याचं घरचं पत्र म्हणून. संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले होते. त्यांच्या 'टाकांच्या फेकी' या चित्रांचा रोख सरकारपेक्षा घरातल्या रूढींवर, अंधश्रद्धांवर, दांभिकपणावर जास्त होता. चित्र बघणारा माणूस घरात बसून मासिक वाचणारा होता, आणि टोमणाही त्याच घराला होता.

दुसरं ठिकाण दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि प्रथा पडली. दिवाळीच्या अंकाला जाहिराती मिळतात, पानं जास्त असतात, तयारीला काही महिने मिळतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्र छापणं हे वेगळंच काम होतं. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, तो आम्लात कोरायचा, लाकडावर ठोकायचा, मग तो ब्लॉक मजकुराच्या खिळ्यांशेजारी बसवायचा. यात वेळही जातो आणि पैसाही. रोज रात्री पानं लावणाऱ्या दैनिकाला ते जड, मासिकाला त्यामानाने सोपं.

रोजच्या राजकारणावर चित्र काढून पगार मिळवायचा तर मुंबईत इंग्रजी दैनिकाची वाट होती. बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये होते. आर. के. लक्ष्मणही 'टाइम्स ऑफ इंडिया'त जाण्यापूर्वी तिथेच होते. उलट वसंत सरवटे सिमेंट कंपनीत स्थापत्य अभियंत्याची नोकरी करत होते आणि चित्रं काढत होते. 'ललित'मधल्या ठणठणपाळाला हातोडा घेतलेलं रूप दिलं ते त्यांनीच. मराठी हास्यचित्रांत घर, बस, ऑफिस, शेजारी इतके का दिसतात, याचं एक कारण मला या नोकरी-पगाराच्या गणितात दिसतं. मराठी माणूस राजकारणात कमी रस घेतो, असं काही नाही!

शि. द. फडणीस यांचं 'मोहिनी'च्या 1952 च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ जरूर पाहा. तरुणीच्या साडीवरची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावरची नक्षी यांत मांजर-उंदरांची जोडी. एक शब्द नाही. तोवर मुखपृष्ठावर सुंदर स्त्री हवी, हा जवळजवळ नियमच. फडणीसांनी ती ठेवली आणि तिच्या साडीतच विनोद विणला. मुखपृष्ठ स्टॉलवर टांगलेलं असतं, रस्त्यावरून जाताजाता दिसतं. ते वाचायला अंक विकत घ्यावा लागत नाही, वाचता येण्याचीही गरज नाही. शब्दाविना विनोद ही फडणीसांची शैली खरीच, पण मुखपृष्ठाची जागाही तसा विनोद मागत होती, असं माझं मत.

जाता जाता: 'व्यंगचित्र', 'हास्यचित्र', 'अर्कचित्र' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. अर्कचित्रात माणसाच्या चेहऱ्याचा अर्क असतो, हास्यचित्रात नुसतं हसू चालतं, व्यंगचित्राला बोट ठेवायला काहीतरी उणं लागतं. आणि दिवाळी अंकांत लाटणं घेऊन उभी असलेली बायको तुम्हाला पदोपदी भेटेल. अंकाला पैसे कोण मोजायचं, घरात तो आधी कोणाच्या हातात जायचा, हे शोधून तिच्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

आता 'मार्मिक'. 13 ऑगस्ट 1960 ला ठाकरे बंधूंनी ते साप्ताहिक काढलं. त्यातली 'रविवारची जत्रा' संग्रहांत सुटी बघितली तर कुंचल्याची ताकद कळते, बाकी काही कळत नाही. त्याच साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येत होत्या. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. चित्र आणि यादी एकत्र वाचणारा वाचक डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या सहा वर्षांवर लिहिता येणार नाही.

जागा बदलली की चित्राचं काय होतं, याचं कठीण उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. शंकर यांचं 1949 चं चित्र: राज्यघटनेच्या गोगलगाईवर बसलेले आंबेडकर, मागे आसूड घेतलेले नेहरू. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते घेतलं गेलं. मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, चित्र वगळलं गेलं. मोडतोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण 'लोकांना विनोद कळत नाही' म्हणून विषय संपवणं हा आळस आहे. उन्नमती श्याम सुंदर यांनी 2019 मध्ये आंबेडकरांवरची शंभराहून अधिक जुनी व्यंगचित्रं एका पुस्तकात आणली. त्यांत वारंवार खुजे काढलेले आंबेडकर ओळीने पाहिल्यावर ते एक चित्र एकटं राहत नाही. दिल्लीच्या साप्ताहिकाने ज्याला वाचक म्हणून गृहीतच धरलं नव्हतं, तो वाचक आता वर्गात बसला होता.

पुढे ऑफसेट आलं आणि ब्लॉकची कटकट गेली. 'सकाळ'मध्ये नोव्हेंबर 1991 पासून 'चिंटू' रोज येऊ लागला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कामाला लागाल तेव्हा एक अडचण येईल. ग्रंथालयात मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकतात, नाहीतर खंड जाड होतो. म्हणजे 1952 चा अंक मिळेल, पण फडणीसांचं मुखपृष्ठ असेलच असं नाही. संग्रहांत चित्र मिळतं, पण अनेकदा तारीख आणि शेजारचा मजकूर गेलेला असतो. म्हणून सुटे, न बांधलेले अंक आहेत का, हे ग्रंथपालांना आधी विचारा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि रद्दीत फिरा. फोटो काढताना नुसतं चित्र नको, आख्खं पान घ्या, समोरचंही घ्या. मुखपृष्ठ नसेल तर 'मुखपृष्ठ नाही' अशी नोंद करा. आणि कुणाच्या घरी माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर यंदाच्या साफसफाईआधी तिथे पोहोचा.